खानदानाचा शजरा आणि रक्ताचा रिपोर्ट

आमच्या आपांच्या घरी लोखंडी कपाटात प्लास्टिकची एक पिशवी आहे. तिच्यात रेशनकार्ड आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, आणि मोठ्या भाचीचे दहावीपासूनचे रक्ताचे रिपोर्ट आहेत. एकूण सात. प्रत्येकावर हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला आहे. कधी १०.४, कधी १०.१, कधी १०.६. दर वेळी "रक्त कमी आहे" असं सांगून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. घरात खजूर, डाळिंब, बीट, गुळ-शेंगदाणे, हकीमसाहेबांचं माजून, सगळं झालं. मुलगी हसती-खेळती होती, कॉलेजात गेली, बी.कॉम. झाली. तिचा निकाह तिच्या फुफीच्या मुलाशी झाला. दोन्ही घरं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी, त्यामुळे चौकशी करण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिला मुलगा सात महिन्यांचा झाला तेव्हा पांढुरका पडू लागला. दूध पिता पिता दमायचा. पोट वाढलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवलं, तिथून मुंबईला. निदान झालं थॅलेसेमिया मेजर. बाळ आज पाच वर्षांचं आहे आणि दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं.

त्या दिवशी मुंबईच्या डॉक्टरांनी पिशवीतले जुने रिपोर्ट मागितले. लाल गोलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्याखालच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "हे कोणी पाहिलं नाही का?" असं त्यांनी विचारलं. आपा गप्प. आम्ही शेजारी उभे होतो. नववीला मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढून दाखवणारे, आनुवंशिकतेवर प्रश्नपत्रिका काढणारे आम्ही. यांतले दोन-तीन रिपोर्ट आपांनी आम्हालाही दाखवले होते. आम्ही काय सांगितलं होतं? "डाळिंब द्या."

म्हणून हा लेख. आनुवंशिकता म्हटलं की मोठी प्रयोगशाळा, परदेश, लाखोंचा खर्च, असं आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण तिचा खरा उपयोग गल्लीतल्या दवाखान्यात सुरू होतो, त्याच दीडशे-दोनशे रुपयांच्या तपासणीत, जी आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी झालेली असते.

त्या दोन ओळी कोणत्या ते आधी सांगतो. रक्ताच्या साध्या तपासणीत, म्हणजे सीबीसीत, हिमोग्लोबिनखाली लाल पेशींची एकूण संख्या दिलेली असते, तिला आरबीसी काउंट म्हणतात. त्याच्या आसपास एमसीव्ही असतं. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० असावं. भाचीचं ६२ होतं. पेशी लहान आहेत, एवढं त्यावरून कळतं. पेशी लहान होण्याची दोन मुख्य कारणं आपल्याकडे असतात. एक, लोह कमी. दुसरं, थॅलेसेमियाचा वाहक असणं. लोह कमी असेल तर शरीराकडे मालच नसतो, म्हणून पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात. वाहकाच्या बाबतीत पेशी लहान, पण संख्या भरपूर. भाचीची संख्या ५.६ होती. आता एमसीव्हीला या संख्येने भागा. ६२ भागिले ५.६, म्हणजे ११. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेचा. हा साधा भागाकार १९७३ पासून वैद्यकात माहीत आहे, त्याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. चौथीतला मुलगा करू शकेल असं गणित सात रिपोर्टांत सात वेळा मांडून ठेवलेलं होतं.

मात्र हा भागाकार फक्त इशारा आहे, निदान नव्हे. घरी बसून कोणाला वाहक ठरवू नका. इशारा मिळाला की एचपीएलसी नावाची तपासणी करायची. तिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. त्यातला एचबी ए-टू हा प्रकार साधारणपणे साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक धरतात. ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. तिचा खर्च लग्नपत्रिका छापण्याच्या खर्चाहून कमी असतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्त चढवल्यावर लगेच ही तपासणी करू नये, दुसऱ्याचं रक्त मोजलं जातं. आणि लोह फारच कमी असेल तर ए-टू थोडं खाली दिसू शकतं, तेव्हा डॉक्टर आधी लोह भरून काढून मग पुन्हा पाहतात.

वाहक असणं हा आजार नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम एकट्याने लिहितो. आपल्या अकराव्या गुणसूत्राच्या जोडीवर हिमोग्लोबिन बनवण्याचा एक जनुक असतो, आईकडून एक प्रत आणि वडिलांकडून एक. वाहकाची एक प्रत नीट असते आणि एक बिघडलेली. नीट प्रत काम चालवते. माणूस शाळेत जातो, नोकरी करतो, रोजे ठेवतो, बाई मुलांना जन्म देते. हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं, इतकंच. भारतात शंभरामागे तीन-चार माणसं अशी आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत त्याहून जास्त. म्हणजे हा कोण्या एका धर्माचा किंवा जमातीचा डाग नाही. जे समाज आपापल्यातच लग्नं करतात, त्या सगळ्यांत तो साचत गेला.

प्रश्न येतो दोन वाहकांचं लग्न झालं तर. वर्गात आम्ही हे दोन नाण्यांनी शिकवतो. एक नाणं आईचं, एक बापाचं. काटा म्हणजे बिघडलेली प्रत. दोन्ही उडवा. दोन्ही छापे आले तर मूल पूर्ण निरोगी. एक छापा एक काटा आला तर मूल आईबापासारखं वाहक. दोन्ही काटे आले तर थॅलेसेमिया मेजर. मुलं वीस-वीस वेळा नाणी उडवून वहीत लिहितात, आणि सगळ्या वर्गाची बेरीज केली की दोन काटे पाव भागाच्या आसपास येतात. मग आम्ही विचारतो, पहिल्या खेपेला दोन काटे आले, तर पुढच्या तीन खेपा बिनधोक का? निम्मा वर्ग हात वर करून "हो" म्हणतो. मोठी माणसंही हेच म्हणतात. "चारात एक आजारी असतं, आमचं एक झालं, आता तीन चांगली होतील." नाण्याला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक गरोदरपणात धोका तोच, चारात एक. आम्हाला एक कुटुंब माहीत आहे, तिथे या चुकीच्या हिशेबापायी तीन मुलं एकाच डे केअर खोलीत शेजारी शेजारी झोपतात.

आता नात्यातल्या लग्नांकडे येतो. या विषयावर लिहिताना दोन टोकं दिसतात. काही जण म्हणतात, चुलत-आते-मामे भावंडांचे निकाह जायज आहेत, त्यावर बोलूच नका. काही जण आपल्या समाजाला टोमणे मारण्यासाठीच हा विषय काढतात. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात जन्मलेल्या अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथे पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत शंभरातली सदतीस बाळं सख्ख्या चुलत-मावस नात्यातल्या आईबापांची होती. अशा लग्नांत जन्मजात दोषाचं प्रमाण शंभराला तीनच्या ऐवजी सहा निघालं. दुप्पट, हे खरं. शंभरातली चौऱ्याण्णव बाळं बिनदोष, हेही खरं. आणि पस्तिशी गाठलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांतही जवळपास एवढीच वाढ दिसली. त्यावरून कोणी त्यांना टोमणे मारत नाही.

पण घरात एखादा वाहक आहे हे कळल्यावर हिशेब बदलतो. भाचीला बिघडलेली प्रत तिच्या वडिलांकडून आली. वडिलांना त्यांच्या आईकडून किंवा बापाकडून. मग वडिलांच्या बहिणीला, म्हणजे फुफीला, ती मिळालेली असण्याची शक्यता निम्मी, आणि फुफीच्या मुलाला त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. बाहेरचा मुलगा असता तर ही शक्यता शंभरात तीन-चार. पंचवीस कुठे आणि चार कुठे. रिश्ता करताना आपण म्हणतो, "घरचंच मूल आहे, सगळं माहीत आहे." नेमकं हेच माहीत नसतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू आम्हाला फार उपयोगाची वाटते. पाकिस्तानातल्या आणि लंडनच्या काही डॉक्टरांनी मिळून एक काम केलं, ते २००२ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी सगळ्या गावाची तपासणी केली नाही. ज्या दहा घराण्यांत थॅलेसेमियाचं एक तरी मूल होतं, त्या घराण्यांतल्या सहाशेच्या आसपास नातलगांचं रक्त तपासलं. दर दहांमागे तीन वाहक सापडले. ज्या पाच घराण्यांत असं मूल नव्हतं, तिथे एकही नाही. म्हणजे बिघडलेली प्रत साऱ्या समाजात सारखी पसरलेली नसते, काही खानदानांत गोळा झालेली असते. आणि आपल्याकडे खानदान म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. कोण कोणाची खाला, कोणाचं दूध कोणी प्यालं, चार पिढ्यांचा शजरा दादी-नानींना तोंडपाठ असतो. डॉक्टर ज्याला वंशावळीचा तक्ता म्हणतात तो आपल्या घरात तयार आहे. एका रुग्णापासून सुरुवात करून त्या शजऱ्यावर वर आणि खाली जायचं, एवढंच काम उरतं.

हे काम दवाखान्याने सुरू करायला हवं. ज्या डॉक्टरांकडे आपण सर्दी-तापाला जातो, त्यांनी केसपेपरवर तीन प्रश्न लिहून ठेवावेत: घरात कोणाला वारंवार रक्त चढवावं लागतं का, लहान वयात दगावलेली मुलं आहेत का, आईबाप नात्यातले आहेत का. वेळ दोन मिनिटं. गरोदर बाईची नोंद होते तेव्हा हिमोग्लोबिन पाहतातच, त्याच दिवशी एमसीव्ही पाहावं, कमी असेल तर एचपीएलसी करावी आणि तिचा निकाल आला की त्याच आठवड्यात नवऱ्याला बोलवावं. शाळेत आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. डॉक्टर मुलांच्या पापण्या खाली ओढून पाहतात, फिकट असेल तर गोळ्या देतात. गोळ्यांनी तीन महिन्यांत फरक न पडलेल्या मुलांची यादी आता आम्ही वेगळी ठेवतो आणि पालकांना पुढच्या तपासणीला पाठवतो. सरकारी कामही थांबलेलं नाही. सिकल सेल हा असाच, हिमोग्लोबिनच्याच जनुकाचा आजार, विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासींत जास्त. त्यासाठी २०२३ च्या जुलैत देशभर मोहीम सुरू झाली, सतरा राज्यांत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. तिथे तपासणीनंतर प्रत्येकाच्या हातात कार्ड देतात, म्हणजे लग्न ठरवताना ते समोर ठेवता येतं. थॅलेसेमियासाठी असं कार्ड आपल्याला मिळेपर्यंत आपल्याच पिशवीतला रिपोर्ट ते काम करू शकतो.

मुस्लिम देशांनी या बाबतीत काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहआधी थॅलेसेमिया आणि सिकल सेलची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी लग्न करायचं की नाही हे त्या दोघांवर सोडलेलं आहे. इराणने १९९७ मध्ये देशभर सुरुवात केली. तिथली पद्धत आम्हाला विशेष आवडली. आधी मुलाचं रक्त तपासतात. त्याच्या पेशी लहान निघाल्या तरच मुलीचं. पैसेही वाचतात आणि आणखी एक गोष्ट वाचते. आपल्याकडे अशी कुजबुज नेहमी मुलीच्या नावाने सुरू होते. "तिच्या रक्तात काहीतरी आहे." पहिली सुई मुलाला टोचली तर कुजबुजीला तोंडच राहत नाही. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मते हे आपल्याकडे कधी होणार नाही, मुलाकडचे उठून जातील. आम्ही म्हणतो, जे उठून जातात ते आधीच गेलेले बरे.

इराणमध्ये आणखी एक अनुभव आला. दोघं वाहक निघाले तरी अनेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. मग गर्भाच्या तपासणीची सोय करावी लागली आणि त्यातून उलमा, डॉक्टर आणि संसद यांच्यात बरीच चर्चा होऊन २००५ साली कायदा झाला. गंभीर आजार पक्का झाल्यास चार महिन्यांच्या आत गर्भपाताला परवानगी. मक्केच्या राबित्याच्या फिक्ह परिषदेनेही १९९० मध्ये १२० दिवसांच्या आतली मर्यादा घालून, तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीची खात्री आणि आईबापांची इच्छा असेल तर, इलाज नसलेल्या गंभीर व्यंगासाठी सवलत दिली होती. थॅलेसेमिया त्यात बसतो का, यावर सगळ्या आलिमांचं एक मत नाही. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं, पण वेळेत विचारावं. ही गर्भतपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा घेऊन करतात. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भ राहण्याच्या दोन आठवडे आधीपासून. त्या हिशेबाने तेव्हा गर्भ सत्तर दिवसांच्या आसपास असतो. हाताशी दिवस असतात, पण पाचव्या महिन्यात दवाखान्यात गेलेल्या बाईसाठी ते संपलेले असतात. आणि आईबाप दोघांची बिघडलेली प्रत नेमकी कुठे बिघडली आहे हे आधी शोधून ठेवलेलं असेल तरच तपासणी लवकर होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकारक्षमता व रक्तविज्ञानाची, आयसीएमआरची संस्था आहे, तिथे हे काम होतं.

भाची दुसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा नवव्या आठवड्यातच ती तिथे पोहोचली होती. मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगत नाहीत, फक्त आजाराचं सांगतात. निकाल येईपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले ते आम्ही लिहिणार नाही. बाळ वाहक निघालं. मुलगी झाली, आता ती दीड वर्षाची आहे, भावाचं खेळणं ओढते.

भावाचं जगणं मात्र ठरून गेलं आहे. दर तीन आठवड्यांनी सकाळी सहाची एसटी, जिल्हा रुग्णालय, रक्ताची पिशवी. थॅलेसेमियाच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं आणि बदली रक्तदाता मागायचा नसतो, हे अनेक आईबापांना ठाऊक नसतं. चढवलेल्या रक्तातलं लोह शरीरात साठत जातं, ते काळजात, यकृतात बसतं, म्हणून रोज सकाळी पाण्यात विरघळवून डेफेरासिरॉक्सची गोळी. ज्या आईला वर्षानुवर्षं लोह खा, लोह खा म्हणून सांगितलं, तिच्या मुलाच्या अंगातून रोज लोह काढावं लागतं. पक्का इलाज म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी सख्ख्या भावंडाचा एचएलए जुळावा लागतो, त्याची शक्यताही चारात एक. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना चालते, तिच्यातून ठरलेल्या रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून घ्यावं. बहिणीचं रक्त जुळवायला दिलं होतं. जुळलं नाही.

हे सगळं झाल्यावर आम्ही आणि आपांनी त्यांच्या सासरचा शजरा वहीवर लिहून काढला. आपांच्या सासूबाईंना सगळं खानदान बडी अम्मी म्हणतं. त्यांना हे पसंत नव्हतं. "चांगल्या घराण्याची बदनामी लिहून ठेवता?" असं त्या म्हणाल्या. दोन आठवडे त्या आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. मग एका शुक्रवारी नातवाला रक्त चढवायला त्या स्वतः बरोबर गेल्या, दिवसभर त्या खोलीत बसल्या, आणि आल्यावर म्हणाल्या, "माझंही रक्त घ्या." आतापर्यंत चौदा जणांची तपासणी झाली. सहा वाहक. बडी अम्मी त्यांत आहेत. एका नातवाच्या आईने आम्हाला विचारलं, वाहक आहे तर कबड्डी बंद करू का? आम्ही सांगितलं, मुळीच नाही, उलट यंदा त्याला शाळेच्या संघात घेतोय.

सहावी आहे धाकटी भाची. तिची बोलणी तिच्या चाचांच्या मुलाशी चालू आहेत. मुलगा कुवेतला असतो. चाचांना फोन करण्याआधी आपांनी तीन दिवस लावले. फोनवर चाचा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "भाभी, आधी का नाही सांगितलंत?" मुलाने तिकडच्या दवाखान्यात रक्त दिलं आहे. रिपोर्ट अजून आलेला नाही. मंगनीची तारीख आपांनी कोणालाही सांगितलेली नाही.